सीपॅनेल बदललं, आता काय बघायचं?

प्रश्न : आमच्या दुकानाची साइट शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेकांच्या साइट असलेल्या एकाच सर्व्हरवर आहे. साइट सांभाळायचं पॅनेल, म्हणजे सीपॅनेल उघडलं की आता सगळं वेगळंच दिसतं आणि होस्टिंगवाला टू-फॅक्टर (पासवर्डनंतर मोबाइलवरचा कोडही टाकायचा) लावा म्हणून मागे लागलाय. खरंच गरज आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ते नवीन दिसतंय ती सीपॅनेलची ज्युपिटर थीम, म्हणजे नवं रूप, जुनी पेपर लँटर्न गेली. फाइल मॅनेजर, ईमेल, डेटाबेस सगळं आहे तिथंच, सर्चमध्ये टाइप केलं की सापडतं.

टू-फॅक्टर मात्र आजच लावा. सिक्युरिटीमध्ये जा, ऑथेंटिकेटर ॲपने क्यूआर कोड स्कॅन करा, झालं. अहो, त्या एका पासवर्डमागे साइट, मेल, बॅकअप सगळंच आहे की!

आता खरा मुद्दा. २०२३ मध्ये सीपॅनेलमध्ये क्रॉस-साइट स्क्रिप्टिंगचं (फसव्या लिंकमधून तुमच्या ब्राउझरमध्ये परका कोड चालवायचं) भगदाड सापडलं होतं, आणि पॅनेलचा २०८३ पोर्ट (सर्व्हरचा दरवाजाच म्हणा) बाहेरून बंद असला तरी वेबसाइटच्या साध्या ८० आणि ४४३ पोर्टवरूनही त्या भगदाडाचा गैरफायदा घेता यायचा. त्यावर पॅच, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट आलं, पण शेअर्ड होस्टिंगवर अपडेट तुमच्या हातात नसतं, ते होस्टिंगवाल्यानेच करायचं असतं. म्हणून त्यालाच विचारा, सीपॅनेलचं व्हर्जन कुठलं, सर्व्हर अजून सेंटओएस ७ या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर तर नाही ना? कारण त्याचा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपलाय. उत्तर गुळमुळीत आलं तर माझ्या मते सरळ होस्टिंग बदला.

एसएसएलसाठी (साइटच्या पत्त्यात https आणणारं सर्टिफिकेट) पैसे मागितले तर देऊ नका, सीपॅनेलमधलं ऑटोएसएसएल फुकट सर्टिफिकेट लावतं आणि आपणहून रिन्यूही करतं, फक्त डोमेन त्याच सर्व्हरकडे वळलेलं पाहिजे.

आणि साइट ज्यावर चालते ते पीएचपी अजून जुनं ७.४ असेल तर बॅकअप घेऊन सीपॅनेलच्या मल्टीपीएचपी मॅनेजरमधून नवं व्हर्जन निवडा.