आयर्लंडमध्ये जन्मलेल्या मुलीसाठी निसर्गाशी जोडलेलं आयरिश नाव कसं निवडावं?

तुम्ही विचारलंय ते असं: मुलगी तीन आठवड्यांची आहे, जन्म डब्लिनचा, नोंदणी अजून व्हायची आहे. नाव आयरिश हवं, अर्थ फुला-पाण्याशी जोडलेला हवा, आणि पुण्यातल्या आजी-आजोबांनाही ते नीट म्हणता यायला हवं.

माझं स्पष्ट मत आहे की अर्थापासून सुरुवात करू नका. आधी उच्चार, मग स्पेलिंग, मग नावामागची कथा आणि सर्वांत शेवटी अर्थ. नावांच्या तयार याद्या नेमक्या उलट्या क्रमाने जातात. त्यामुळे ‘समुद्रकन्या’, ‘वनराणी’ असले अर्थ वाचून नाव आवडतं आणि घरातलं कुणी ते हाकच मारू शकत नाही.

आयरिश स्पेलिंग विचित्र दिसतं, पण इंग्रजीपेक्षा ते कितीतरी नियमाने चालतं. व्यंजनाला लागून ई किंवा आय असेल तर त्याचा उच्चार टाळूकडे सरकतो. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आपल्या ‘म्हैस’ची ‘म्हशी’ होते, ‘माझा’मधला झ ‘माझी’मध्ये वेगळा होतो, तसंच हे आहे. म्हणूनच ‘रोस’ म्हणजे गुलाब, त्याला लाडाचा ‘ईन’ लागला की ‘रोशीन’, छोटासा गुलाब. बी-एच आणि एम-एच या जोड्यांचा उच्चार व्ह किंवा व, शेवटचा डी-एच बहुधा मूक, आणि स्वरावरची तिरकी रेघ म्हणजे ‘फादा’, जी स्वर लांबवते. फादा ही सजावट नाही. पुरुषांच्या ‘शॉन’ या नावातली रेघ काढली तर उरतो ‘म्हातारा, जुना’ या अर्थाचा शब्द.

आता नावं.

रोशीन मी सर्वांत वर ठेवेन. अर्थ उघड आहे, ‘रोशनी’ कानावरून गेलेल्या आजीला ते पहिल्या झटक्यात म्हणता येतं, आणि आयर्लंडमध्ये त्याला खोल जागा आहे: इथल्या जुन्या काव्यात ‘काळा छोटा गुलाब’ हे देशाचंच रूपक आहे. स्पेलिंग आर-ओ-आय-एस-आय-एन, त्यात दोन फादा आहेत, ‘ओ’वर आणि दुसऱ्या ‘आय’वर. ते गळले तर भारतात कुणीही ‘रॉइसिन’ वाचेल, एवढीच अडचण.

‘म्विरन’मध्ये समुद्रासाठीचा ‘म्विर’ आणि ‘शुभ्र’ असे दोन शब्द मानले जातात. मला हे नाव फार सुंदर वाटतं. मात्र सुरुवातीचा म्वि जमायला थोडा सराव लागतो, नाहीतर त्याचं ‘मुरीन’ होतं. ‘एह्न्या’ म्हणजे बीच्या आतला गर. लू या देवाच्या आईचं हे नाव. वायव्येच्या डोनिगल परगण्याकडे ते ‘एन्या’ असं ऐकू येतं. स्पेलिंग ई-आय-टी-एच-एन-ई. अर्थ साधा आणि नेमका आहे, पण कागदावर बघून भारतात ‘ईथने’ म्हटलं जाईल याची तयारी ठेवा. ‘रेल्टीन’ म्हणजे छोटी तारका. उच्चार सोपा, आणि वर्गात दुसरी सापडण्याची शक्यता कमी.

‘फीआ’बद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण ते तुम्हाला प्रत्येक यादीत दिसेल. स्पेलिंग एफ-आय-ए-डी-एच. अर्थ हरीण, शिवाय त्याच शब्दात ‘रानटी, रानातलं’ हीही छटा आहे. आयर्लंडच्या केंद्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या आकडेवारीत २०२१ साली मुलींच्या नावांत ते पहिलं आलं. म्हणजे शाळेत हाक मारली की एकापेक्षा जास्त मुली वळून बघतील. भारतीय नजरेला ते ‘फियाध’ दिसतं. उच्चाराच्या कसोटीवर उत्तम, कागदाच्या कसोटीवर कच्चं.

काही नावं मराठी कानामुळे बाजूला ठेवावी लागतात. ‘ऊना’चा संबंध कोकराशी लावतात, पण घरात ते ‘उणा’ ऐकू येणार. ‘ऑन्या’ ही तेजाची आणि उन्हाळ्याची देवी. लिमेरिकजवळ तिच्या नावाची टेकडी आहे आणि उन्हाळ्याच्या ऐन मध्यावर लोक मशाली घेऊन तिथे जात. नाव मोठं देखणं, पण पुण्यात त्याचं ‘अन्या’ व्हायला एक दिवस पुरेल, आणि अन्या म्हणजे आपल्याकडे कुणीतरी अनिल किंवा अनिकेत. ‘नीव्ह’ म्हणजे तेजस्वी. उच्चार सोपा, पण एन-आय-ए-एम-एच हे स्पेलिंग भारतीय कार्यालयात ‘नियम’ असंच वाचलं जाईल.

काही नावांचा अर्थ गोड असतो आणि कथा जड. ‘ब्लॉनिड’मध्ये फूल आहे, पण पुराणातली ब्लॉनिड नवऱ्याचा घात करते आणि त्या सूडात मारली जाते. ‘क्लीना’ला कॉर्कच्या किनाऱ्यावर लाट ओढून नेते, ती लाट आजही तिच्या नावाने ओळखतात. ‘फिनूला’ हंस होऊन भावांसह ९०० वर्षं पाण्यावर काढते. ‘शीफ्रा’ नाजूक वाटतं, पण शब्दाचा अर्थ आहे परीलोकाने पाळण्यात बदलून ठेवलेलं मूल. फिनूला मला तरीही आवडते, कारण थंडीत भावांना पंखाखाली घेणारी बहीण हीच तिची ओळख आहे. शीफ्रा मात्र मी सुचवणार नाही.

आपण गोदावरी, कृष्णा ठेवतो तसं नदीचं नाव ठेवायचा मोह होईल. बॉयन नदीची देवी बोआन. त्यातला ‘बो’ म्हणजे गाय, आपल्या ‘गो’चा सख्खा नातलग. पण हे नाव आज मुलींना जवळपास कुणी ठेवत नाही. आयुष्यभर खुलासा करत बसावा लागेल.

दोन्हीकडे एका अक्षराचा बदल न करता चालणारं नाव हवं असेल तर ‘तारा’. मराठीत अर्थ सांगायची गरज नाही. आयर्लंडमध्ये मीथ परगण्यातली तारा ही जुन्या सम्राटांची टेकडी, आणि मुलींचं नाव म्हणूनही ते रुळलेलं आहे. फादा नाही, मूक अक्षर नाही.

पुढे मुलीला गेलस्कोलमध्ये, म्हणजे आयरिश माध्यमाच्या शाळेत घालणार असाल तर एक गोष्ट आत्ताच तपासा. मराठीत संबोधनात शब्दाचा शेवट बदलतो (मुलगी, अगं मुली), आयरिशमध्ये सुरुवात बदलते. फीआला शिक्षिका ‘अ ईआ’ अशी हाक मारतील, कारण त्या जागी एफ मूक होतो. म्विरनचं ‘अ विरन’ होतं. एल, एन, आर किंवा स्वराने सुरू होणारी नावं जशीच्या तशी राहतात, म्हणून रोशीन, रेल्टीन, एह्न्या इथे सुरक्षित.

दोन-तीन नावं उरली की अशी परीक्षा घ्या. नाव व्हॉइस मेसेजवर म्हणून आजी-आजोबांना पाठवा आणि ऐकून देवनागरीत लिहायला सांगा. दोघांनी एकच लिहिलं तर उच्चार पास. मग फादा काढून इंग्रजी स्पेलिंग भारतातल्या दोघा-तिघांना वाचायला द्या. ऐकू येईल ते कायम ऐकावं लागणार आहे, तेव्हा ते सहन होतंय का बघा. अर्थाची खात्री मात्र यादीवरून नको. ‘ट्यांगलन’ (टी-ई-ए-एन-जी-एल-ए-एन-एन) या ऑनलाइन आयरिश शब्दकोशात मूळ शब्द शोधा. तिथे बऱ्याच शब्दांचे आयरिशच्या तिन्ही मुख्य बोलींतले उच्चार ऐकायलाही मिळतात.

कागदपत्रांत चुका ठरलेल्या जागी होतात. आयर्लंडमध्ये जन्माची नोंद ३ महिन्यांच्या आत करायची असते. नोंद पक्की होण्याआधी प्रत्येक फादा बोटाने दाखवून तपासा, नंतरच्या दुरुस्तीला वेगळे अर्ज लागतात. वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून घालायचं की नाही हेही तेव्हाच ठरवा. घातलं तर ते मुलीच्या नावाचाच भाग होतं आणि पुढच्या सगळ्या कागदांवर तसंच लागतं. तिला भारतीय नागरिकत्व हवं असेल तर जन्मापासून १ वर्षाच्या आत भारतीय दूतावासात नोंदणी करा. फादा भारतीय पासपोर्टवर येत नाही, आणि आयरिश पासपोर्टवरही तळाच्या यंत्राने वाचायच्या दोन ओळींत तो गळतो. विमानाचं तिकीट त्या ओळींप्रमाणे, फादाशिवाय काढा. देवनागरी रूपही आत्ताच एक ठरवून बारशाच्या पत्रिकेपासून तेच लिहा, म्हणजे एका कागदावर रोशीन आणि दुसऱ्यावर रोइशिन असं होणार नाही.