आखाजीतला 'जी' आदराचा नाही

प्रश्न असा होता की खान्देशातली 'आखाजी' म्हणजे आखाडातला कुठला सण का, आणि शेवटचा 'जी' शिवाजी-संभाजीसारखा आदरार्थी आहे का. दोन्हीचं उत्तर नाही.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, वैशाख शुद्ध तृतीया. आखाड दोन महिन्यांनी येतो आणि तो शब्द आषाढवरून आलाय, तिथे 'ष'चा 'ख' झालाय. आखाजीतला 'ख' मात्र 'क्ष'चा, जसं रक्षाचं राख, पक्षाचं पाख, लक्षाचं लाख तसंच अक्षयचं आखा. आणि तृतीयेची झाली तीज, जशी द्वितीयेची बीज झाली, भाऊबीज बघा. राजस्थानात अजून सरळ आखातीज म्हणतात, गुजरातीत अखात्रीज, आपल्याकडे बोलताना मधला 'त' गळाला आणि उरलेला 'ज' म्हणजेच हा 'जी' असं मला वाटतं. आमची आजी तर नुसतं 'आखजी' म्हणायची, त्यात आदराबिदराचा काही प्रश्नच नव्हता.

पण हा शब्द नुसता तिथीचा नाही हो. जळगाव-भुसावळकडे तेव्हा पारा ४४-४५ ला टेकलेला असतो आणि सगळा सण पाण्याभोवतीच फिरतो. पितरांच्या नावाने नवी मातीची घागर भरायची, तिच्यावर छोटं मातीचं भांडं, त्यावर डांगर (आमच्याकडे खरबुजाला डांगर म्हणतात, भोपळा समजू नका), सांजोऱ्या, आंबे. जेवायला पुरणपोळी आणि आमरस. लेकी माहेरी येतात, कडुलिंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. सासुरवाशिणीसाठी दिवाळी आणि आखाजी हे दोनच खरे सण, माहेरचा मुऱ्हाळी (लेकीला न्यायला येणारा माणूस) कधी येतो याची वाट बघणं काय असतं ते आजीच्या पिढीच्या बायकांनाच विचारावं. सालदाराचं (वर्षाच्या बोलीने शेतावर राबणाऱ्या गड्याचं) सालही आखाजीलाच संपतं न् नवं ठरतं, म्हणून 'आखाजीपासून' म्हटलं की शेतकऱ्याच्या डोक्यात नवं वर्षच सुरू होतं.

पुण्याकडे याच दिवशी चैत्रगौरीचं हळदीकुंकू संपतं, आंब्याची डाळ नि पन्ह्यासकट. तिथे 'अक्षय तृतीया' म्हणतात, बरोबरच आहे. पण खान्देशातल्या माणसाने लिहिताना 'आखाजी' खोडून 'अक्षय तृतीया' करू नये, माहेर, झोका, घागर हे सगळं त्या एका शब्दात बसलेलं आहे.