वाचकांचे प्रश्न : ‘मुचाचीतास’ आणि कलाकार होऊ पाहणाऱ्या मुली

मेक्सिकन टेलिनोव्हेलांवरच्या, म्हणजे तिथल्या रोज चालणाऱ्या मालिकांवरच्या, लेखात आम्ही ‘मुचाचीतास’चा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं दिली आहेत. एकाच मुद्द्यावरची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : ‘मुचाचीतास’ म्हणजे नेमकी कोणती मालिका? एके ठिकाणी १९९१ साल दिसतं, दुसरीकडे २००७.

उत्तर : दोन्ही सालं बरोबर आहेत, कारण मालिका दोन आहेत. मूळ ‘मुचाचीतास’ तेलेविसा या मेक्सिकन दूरचित्रवाणी कंपनीने १९९१ मध्ये सुरू केली. निर्माता एमिलियो लारोसा. त्यानेच २००७ मध्ये ‘मुचाचीतास कोमो तू’, म्हणजे ‘तुझ्यासारख्याच मुली’, या नावाने ती नव्या संचात पुन्हा केली. मूळ मालिकेतल्या चौघी अशा : लेतिसिया (केट देल कास्तियो), मोनिका (सेसिलिया तिहेरिना), एलेना (तियारे स्कांदा) आणि इसाबेल (एम्मा लाउरा). चौघी वेगवेगळ्या आर्थिक थरांतल्या, आणि अभिनय-नृत्य-गायन शिकवणाऱ्या एका अकादमीत एकत्र आलेल्या.

ही अकादमी म्हणजे मालिकेची नुसती पार्श्वभूमी नाही, सगळं कथानक तिच्यावरच उभं आहे. मेक्सिकन टेलिनोव्हेलाच्या जुन्या साच्यात श्रीमंत आणि गरीब मुलीची गाठ पडायची ती बहुधा मालकीण आणि मोलकरीण म्हणून. तालमीच्या खोलीत मात्र दोघी एकाच आरशासमोर, एकाच मापावर पाय टाकतात. तिथे बापाचा पैसा चालत नाही आणि तरीही तो चालतो, या ओढाताणीतून प्रसंग आपोआप निघत राहतात. एक भूमिका आणि चार दावेदार एवढ्यावर खलनायकाशिवायही आठवडा निघू शकतो. लारोसाने खलनायकही दिलाच : आलेहान्द्रो कामाचोचा फेदेरिको कांतू. कामाचो आवाज न चढवता धमकी देतो, त्यासाठी ही भूमिका आवर्जून बघा. आधी १९९१ची बघावी. नवी आवृत्ती चकचकीत आहे, पण जुनीत तालमीच्या खोलीला जास्त जागा मिळाली आहे असं आमचं मत आहे.

प्रश्न : एकाच टेलिनोव्हेलाच्या भागांची संख्या प्रत्येक ठिकाणी वेगळी का? काही भाग गाळले आहेत का?

उत्तर : बहुतेक वेळा गाळलेले नसतात, पुन्हा कापलेले असतात. मेक्सिकोत रोज अर्ध्या तासाच्या वेळेत दाखवलेली मालिका परदेशी वाहिनीला एका तासाची हवी असेल, तर दोन भाग जोडून एक केला जातो. पुनर्प्रक्षेपणात जाहिरातींची वेळ बदलली की भागाचा शेवटही सरकतो. म्हणून भाग क्रमांकावर जाऊ नका, प्रसंगावर जा. मूळ भागाचा शेवट ओळखायची खूण म्हणजे कोणाच्या तरी चेहऱ्यावर गोठलेला क्लोजअप आणि चढलेलं संगीत. असा क्षण भागाच्या ऐन मध्यावर आला, तर तिथे दोन भाग जोडले आहेत असं समजा. एखाद्या पात्राच्या बोलण्यात आपण न पाहिलेल्या प्रसंगाचा संदर्भ आला, तर मात्र खरोखर काहीतरी कापलं गेलं असण्याची शक्यता आहे.

प्रश्न : या मालिकांतले कलाकार संवाद पाठ करत नाहीत, कानातून ऐकून बोलतात, हे खरं का? मग तो अभिनय कसा?

उत्तर : खरं आहे. या पद्धतीत वाईट दिवस आणि चांगले दिवस दोन्ही असतात. कानातल्या त्या छोट्या श्रवणयंत्राला मेक्सिकोत ‘चीचारो’ म्हणतात, म्हणजे वाटाणा. अधिकृत नाव ‘आपुन्तादोर इलेक्त्रोनिको’, म्हणजे इलेक्ट्रॉनिक प्रॉम्प्टर. ओळी पुरवणाऱ्या माणसालाही ‘आपुन्तादोर’च म्हणतात. चित्रीकरणाच्या वेळी आपुन्तादोर मायक्रोफोनसमोर संहिता घेऊन बसतो आणि सपाट आवाजात, भाव न घालता, ओळी वाचतो. कलाकाराच्या अर्धी ओळ पुढे राहायचं, हे त्याचं कसब. दृश्यातल्या सगळ्यांना तोच आवाज ऐकू येतो. त्यामुळे स्वतःच्या वाक्याबरोबर समोरच्याचं वाक्यही कानात पडतं, तेही त्याने उच्चारण्याआधी.

अडचण इथेच सुरू होते. समोरचा काय बोलणार हे आधीच कळल्यावर ते पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकणं, ही या पद्धतीतली सगळ्यात अवघड गोष्ट. नवखा कलाकार इथे तीन चुका करतो. पहिली, ओळ येईपर्यंत नजर किंचित वर किंवा बाजूला जाते आणि डोळे रिकामे होतात. दुसरी, आपुन्तादोरचा सपाट सूर कलाकाराच्या सुरात उतरतो आणि वाक्याच्या शेवटी सगळेच एका पट्टीत येतात. तिसरी, प्रत्येक वाक्याआधी सारख्याच लांबीची फट पडते. एखाद्या दृश्यात सगळ्या विरामांची लांबी एकच वाटली, की ओळी कानातून येत आहेत असं समजायला हरकत नाही. अनुभवी कलाकार ही फट हालचालीने भरतात : पेला उचलतात, पाठ फिरवतात, मग बोलतात. सकाळी दृश्याचा हेतू आणि वळणं पक्की करायची आणि चीचारोला फक्त आठवणीसाठी ठेवायचं, ही त्यांची रीत.

हे चालतं कारण वेळच तसा असतो. सोमवार ते शुक्रवार रोज एक भाग जातो, संहिता चित्रीकरणाच्या थोडीच पुढे असते आणि दिवसाला अनेक दृश्यं उरकावी लागतात. एवढ्या ओळी रोज शब्दशः पाठ होणं शक्य नाही. हा वेग समजून घेतला, तर त्यातूनही नीट अभिनय करणाऱ्यांबद्दल आदरच वाटतो.

प्रश्न : तालमीच्या आणि नृत्याच्या दृश्यांत मुली नाचता नाचता बोलतात, तरी संवाद स्पष्ट ऐकू येतो. हे कसं जमवतात?

उत्तर : संगीत बंद करून. कॅमेरा सुरू झाला की गाण्याच्या पहिल्या काही मात्रा मोठ्याने वाजवतात, ‘सिंको, सेइस, सिएते, ओचो’ असा पाच ते आठचा ठेका मिळतो, आणि संवाद यायच्या आधी संगीत थांबतं. मुली मनात आकडे मोजत नाचत राहतात, बोलणाऱ्या बोलतात, आणि संगीत संकलनात वरून घातलं जातं. असं केलं नाही तर संगीत मायक्रोफोनमध्ये शिरतं आणि दोन टेक जोडताना सुराचा तुकडा उडी मारतो.

नेहमी होणारी चूक म्हणजे लय चढणं. संगीत नसलं की गट हळूहळू घाई करतो, आणि संकलनात गाणं बसवल्यावर पावलं ठेक्याच्या पुढे धावतात. त्यावर उपाय म्हणजे अगदी खालच्या पट्टीतला नुसता ठोका वाजवणं. तो पायांना जाणवतो आणि नंतर ध्वनिपट्टीतून गाळता येतो. नाहीतर नृत्यदिग्दर्शकाने कॅमेऱ्याच्या बाजूला उभं राहून हाताने माप द्यायचं. बुटांचा आवाज ही दुसरी डोकेदुखी, म्हणून ज्यांचे पाय चौकटीत नाहीत त्यांच्या तळव्यांना मऊ पट्टी लावतात. आणि मोजत असताना कानात आपुन्तादोर बोलत असेल तर आकडे हमखास चुकतात. नाचातले संवाद तोकडे ठेवून पाठ करायला लावण्यात शहाणपण आहे ते यामुळेच.

कॅमेऱ्याचं गणित वेगळं. ‘फोरो’त, म्हणजे स्टुडिओत, साधारण तीन कॅमेरे एकाच वेळी चालतात आणि नियंत्रण कक्षात बसलेला ‘दिरेक्तोर दे कामारास’ एकातून दुसऱ्यात जातो. नृत्यात एक कॅमेरा डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण शरीर धरून ठेवतो. तो सोडला आणि तिन्ही चेहऱ्यांवर गेले की नाच मरतो, नुसते केस उडताना दिसतात. उलट, एखादी अभिनेत्री मुळात नर्तकी नसेल तर हेच मुद्दाम करतात : तिला कमरेच्या वर धरतात, आणि गिरक्यांसाठी त्याच कपड्यांतली प्रशिक्षित मुलगी पाठमोरी किंवा लांबून दाखवतात. आरशाची भिंत असेल तर कॅमेरेही तिच्यात दिसतात, म्हणून आरसे किंचित तिरके बसवतात. तालमीच्या खोलीत आरसा बहुधा कडेलाच का दिसतो, याचंही उत्तर त्यात आलं.

प्रश्न : अशा अकादम्या मेक्सिकोत खरंच आहेत का? तिथून मालिकेत काम मिळतं?

उत्तर : आहेत, आणि प्रत्येकीची वाट वेगळी आहे. मालिकेतल्या अकादमीला सगळ्यात जवळची म्हणजे तेलेविसाची स्वतःची शाळा, ‘सेन्त्रो दे एदुकासिओन आर्तिस्तिका’ (कलाशिक्षण केंद्र), संक्षेपाने ‘सेआ’. मेक्सिको सिटीत सान आन्हेलला, जिथे वाहिनीचे स्टुडिओ आहेत. प्रवेश निवड चाचणीतून. कंपनीच शिकवते आणि कंपनीच काम देते, त्यामुळे विद्यार्थी असतानाच दोन-चार ओळींच्या भूमिका मिळू शकतात. मालिकेत दाखवतात तशी थेट नायिका मात्र क्वचितच होते.

नाट्यशिक्षणाची वाट वेगळी. राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठाचं (उनाम) ‘सेन्त्रो उनिव्हेर्सितारियो दे तेआत्रो’ हे नाट्यकेंद्र १९६२ पासून आहे. राष्ट्रीय नाट्यकला शाळा सरकारच्या ललितकला संस्थेची आहे आणि १९९४ मध्ये उघडलेल्या राष्ट्रीय कला केंद्रात भरते. कलाकारांची संघटना ‘आन्दा’ (स्थापना १९३४) हिचीही आन्द्रेस सोलेर यांच्या नावाची अकादमी आहे.

नाटकाच्या शाळेतून आलेल्यांना कॅमेऱ्यासमोर आधी आवरायला शिकावं लागतं. शेवटच्या रांगेसाठी उचललेली भुवई क्लोजअपमध्ये विदूषकी दिसते. जमिनीवर चिकटपट्टीने केलेल्या खुणेवर खाली न बघता थांबणं हेही शिकावं लागतं, कारण खुणेपासून जरा सरकलं तरी प्रकाश सुटतो आणि समोरचीवर सावली पडते. कोणत्या शब्दावर कप कोणत्या हातात होता हे लक्षात ठेवणं तितकंच महत्त्वाचं. ते विसरलं की संकलकाला चांगला टेक टाकून द्यावा लागतो.

प्रश्न : नावांचे उच्चार कसे करायचे?

उत्तर : मराठी माणसाला हे सोपं आहे. स्पॅनिश ‘त’ आणि ‘द’ दंत्यच असतात, त्यामुळे ‘ट’, ‘ड’ नको. ‘मुचाचीतास’मधला ‘च’ चहातला, चाकातला नव्हे, आणि जोर ‘ची’वर. शेवटचं ‘ईता’ हे लाडाचं, लहानपणाचं रूप, म्हणजे ‘पोरी’च्या जवळचं. ‘देल कास्तियो’त दोन एल असले तरी मेक्सिकोत उच्चार ‘य’. तिहेरिनातला ‘ह’ घशातून जरा खरवडून काढायचा. लारोसात दोन आर आहेत, तिथे ‘र’ थरथरवायचा. आणि स्पेनमध्ये ऐकू येणारा ‘थ’ मेक्सिकोत नाही, तिथे ‘स’च.

प्रश्न : मालिकेतली मुलींची गाणारी टोळी पुढे खरा गटच बनते, असं कुठे घडलंय का?

उत्तर : दोनदा तर ठळकपणे, फक्त ते गट मुलामुलींचे होते. ‘आल्कान्सार उना एस्त्रेया’ (१९९०) ही मारियाना गार्सा आणि एदुआर्दो कापेतियो यांची मालिका, एका लाजऱ्या मुलीची आणि तिच्या आवडत्या गायकाची. तिच्या १९९१च्या दुसऱ्या पर्वात साशा सोकोल, बिबी गायतान, आन्हेलिका रिव्हेरा, रिकी मार्टिन, एरिक रुबिन आणि पेद्रो फेर्नान्देस यांचा ‘मुन्येकोस दे पापेल’ हा गट होता. यांतले काही आधीच तिंबिरिचे या पॉप गटातून गायक म्हणून तयार झालेले, म्हणून त्यांची गाणी खरी वाटतात. पुढे ‘रेबेल्दे’ (२००४ ते २००६, ४४० भाग) मधून आरबीडी हा पॉप गट निघाला, आणि मालिकेचं चित्रीकरण आणि गटाचे दौरे एकाच वेळी चालू राहिले. ‘मुचाचीतास’चा भर मात्र गाण्यापेक्षा शिकण्यावर आहे. फक्त गाण्यांसाठी बघायची असेल तर आधी ‘आल्कान्सार’ घ्या.

प्रश्न : मी मालिकेला मराठी उपशीर्षकं करून बघते आहे. इंग्रजी उपशीर्षकांवरून करावीत की मूळ स्पॅनिश ऐकून?

उत्तर : ऐकूनच करा. इंग्रजीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ एकच होतात आणि या मालिकांतली अर्धी गंमत तिथेच असते. स्पॅनिशमध्ये ‘तू’ आणि ‘उस्तेद’ आहेत, आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’शी त्यांची सोयरीक बरीच सरळ आहे. पण दोन सापळे आहेत. मेक्सिकोत अनेकांना ‘तुम्ही’ म्हणायचं तर ‘उस्तेदेस’, मग त्या जिवलग मैत्रिणी का असेनात. तिथे आदर शोधू नका. दुसरा सापळा क्रियापदाचा. स्पॅनिशमध्ये सर्वनाम बहुतेक वेळा गाळतात आणि ‘उस्तेद’चं क्रियापद ‘तो’ आणि ‘ती’च्या क्रियापदासारखंच असतं. ‘व्हिएने’ म्हणजे ‘ती येते’ की ‘तुम्ही येता’, हे समोर कोण आहे यावरूनच ठरतं.

अकादमीत शिक्षकांना ‘माएस्त्रो’, ‘माएस्त्रा’ म्हणतात. त्याला ‘गुरुजी’ नको, ‘सर’ आणि ‘मॅडम’ बरे बसतात. वकील किंवा मोठ्या हुद्द्याच्या माणसाला ‘लिसेन्सियादो’ म्हणतात, तिथे ‘साहेब’ चालेल. आणि एखादा नायक नायिकेला ‘उस्तेद’वरून ‘तू’वर आणतो, ते वाक्य दोनदा ऐका आणि त्याच ओळीत मराठीही बदला. पुढच्या ओळीत बदललं, तर प्रेमाची कबुली एका वाक्याने उशिरा पोचते.