जुना प्रोग्रॅम नव्या विंडोजवर

अरे, खडेबाजारातल्या दुकानाचा डॉसवरचा (विंडोजच्या आधीच्या जुन्या सिस्टीमवरचा) हिशेबाचा प्रोग्रॅम उघडत नाही म्हणून विंडोज परत परत टाकत बसू नकोस. ६४-बिट विंडोजवर असे जुने १६-बिट प्रोग्रॅम चालतच नाहीत. कंपॅटिबिलिटी मोडचाही (जुन्या प्रोग्रॅमसाठीच्या विंडोजमधल्या सेटिंगचाही) उपयोग नाही. आधी डेटाचा फोल्डर दोन ठिकाणी कॉपी कर. खानापूर-निपाणीच्या गिऱ्हाइकांची सगळी उधारी त्यात आहे! मग व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकातच दुसरा संगणक चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) ३२-बिट एक्सपी, म्हणजे जुनं विंडोज, टाक, पण त्याला नेट अजिबात देऊ नकोस. २०१४ पासून त्याचे नेहमीचे अपडेट बंद आहेत.

डॉसवरच्या गेमना डॉसबॉक्स (डॉसची नक्कल करणारा प्रोग्रॅम) उत्तम. हिशेबाला नको, साध्या डॉसबॉक्समध्ये छपाईची सोय नाही. गेम भलताच पळत असेल तर कंट्रोल-एफ११ दाबून वेग उतरव, अडखळला तर कंट्रोल-एफ१२. माउस आत अडकला की कंट्रोल-एफ१०.