इंगोलश्टाटला साधी गाडी घ्यावी का, असं विचारलंत म्हणून

मार्चअखेर जर्मनीत इंगोलश्टाटला रुजू व्हायचंय, बरोबर बायको आणि नऊ वर्षांचा मुलगा, गाडीसाठी फार तर सहा हजार युरो. तेवढ्यात जुनी डाचिया सँडेरो घेतली तर ऑडीच्या गावात हसं होईल का, असं तुम्ही विचारलंत. लायसन्सचे नियम सरकारी साइटवर आहेत, ते तिथेच वाचा. गाडीचं मी सांगतो, कारण माझ्याकडे तीच आहे. २०१३ची, आणि २०१५पासून माझ्याकडे.

हसं होत नाही. शेजारचे आजोबा आयुष्यभर ऑडीच्या कारखान्यात होते, निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःच्या पैशांनी सँडेरोच घेतली. २०२४मध्ये युरोपात सगळ्यात जास्त खपलेली गाडी हीच. हसू आलं होतं ते आमच्या नाशकात. बाबांनी २००८ साली महिंद्र-रेनोची लोगन घेतली, 'आपल्या नाशकात बनते' एवढ्याच मुद्द्यावर. मामा गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, ''भाऊजी, टॅक्सी टाकली का?'' बाबा महिनाभर त्याच्याशी नीट बोलले नव्हते.

सँडेरो त्याच लोगनची धाकटी बहीण. रेनोनं १९९९मध्ये रुमानियाची डाचिया घेतली आणि पाच हजार युरोत गाडी द्यायची असं ठरवलं. त्यातून २००४मध्ये लोगन आली. काटकसर कशी, तर बाहेरचे दोन्ही आरसे एकसारखे, डावा उजवीकडे बसतो. पुढची काच शक्य तितकी सपाट, कारण वळणदार काच महाग. माझ्या गाडीत तर रेडिओच्या जागी नुसतं प्लास्टिकचं झाकण होतं, काचा हातानं फिरवायच्या. बिघडायला काही ठेवलेलंच नाही. दहा वर्षांत बॅटरी, ब्रेकचे पॅड, एक सायलेन्सर आणि टायमिंग बेल्ट, बस्स.

तिचा हॉर्न मात्र स्टिअरिंगच्या मधोमध नाही, इंडिकेटरच्या दांडीच्या टोकाला आहे. (२०१६नंतरच्या गाड्यांत तो जागेवर आला.) पहिले सहा महिने मी सवयीनं मध्ये थापा मारत होतो आणि गाडी मुकी. मग सवय मोडली. गेल्या वर्षी नाशकात भावाची गाडी चालवताना द्वारका सर्कलला मी हॉर्न न देता उभा राहिलो, तर मागचा रिक्षावाला उतरून विचारायला आला, काय झालं म्हणून.

वाईटही ऐका. एकशेवीसच्या पुढे आत बोलणं ऐकू येत नाही. पंचाहत्तर हॉर्सपॉवर, त्यात चार माणसं आणि न्यूर्नबर्गहून आणलेलं महिन्याचं डाळ-पीठ. ए-९ महामार्गावर आल्टम्यूल नदीच्या खोऱ्यातून वर चढताना ट्रकच्या रांगेत जावं लागतं. लांबच्या प्रवासात पाठ धरते. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यानं खालून गंज धरतो. घेण्याआधी गाडी वर उचलून बघायला लावाच. आणि २०२१च्या नव्या मॉडेलला गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेनं पाचपैकी दोनच तारे दिले. टक्करीत मोठ्यांच्या बचावाचे गुण ७० टक्के, पण धोका आधी ओळखणारी इलेक्ट्रॉनिक मदत तोकडी. माझ्या पिढीतल्या गाडीला चार होते, अर्थात जुन्या निकषांवर.

विम्याचा राग अजून आहे. नाशकात चौदा वर्षं एक ओरखडा न काढता गाडी चालवली, इथे ती शून्य धरली. बावन्नशे युरोची गाडी, पहिल्या वर्षाचा हप्ता अकराशे. त्यात बायकोच्या पासपोर्टात मधलं नाव माझं, तर गाडीच्या नोंदणीच्या ऑफिसात खिडकीवरच्या बाई विचारतात, हे पुरुषाचं नाव इथे कसं? तीन चकरा. शेवटी नंबरप्लेट मिळाली, तिच्यावर या शहराची अक्षरं 'आय' आणि 'एन'. मी तिचा फोटो काढून बाबांना पाठवला. ते म्हणाले, ''बघ, इंडियाचीच आहे.''

एकटेपणाचं विचारलंत. असतो. नोव्हेंबरात जास्त. पुढे.

ही गाडी मी घेतली कारण दोन वर्षांत परत जायचं होतं. इथे दर दोन वर्षांनी गाडीची तपासणी होते, ट्यूफ म्हणतात, आणि मागच्या पाटीवर नवा रंगीत शिक्का लागतो. प्रत्येक वेळी आम्ही म्हणालो, हा शेवटचा. २०१६, १८, २०, २२, २४. गाडीच्या बाबतीत तो हिशेब चुकला तरी काही बिघडलं नाही. पण त्याच हिशेबानं मी मुलीच्या शाळेचंही ठरवलं.

बायर्नमध्ये, म्हणजे आपल्या या राज्यात, चौथीत असताना, मे महिन्यात, जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी काढतात. गिम्नाझियमला, म्हणजे विद्यापीठाच्या वाटेवरच्या शाळेला, २.३३ लागते, आकडा जितका लहान तितका चांगला. तिचे गणितात दोन, बाकी दोन्हींत तीन. २.६६. एका विषयात एका श्रेणीनं गेलं. तीन दिवसांचे चाचणी वर्ग असतात, त्यात बसवता आलं असतं. बाईंनी विचारलंही. मी म्हणालो, कशाला पोरीची ओढाताण, दोन वर्षांत जायचंच आहे. सही केली. ती रेआलशुलेला, म्हणजे दहावीपर्यंतच्या मधल्या शाळेला गेली, आता दहावीत आहे, छान चाललंय, पुढचे रस्तेही आहेत. ती कधी काही बोलत नाही. तिची सगळ्यात जवळची मैत्रीण गिम्नाझियमला गेली, त्यानंतर आमच्याकडे आली नाही, तेव्हाही ती काही बोलली नव्हती.

तुमचा मुलगा आत्ता आला तर तिसरीत बसेल आणि सप्टेंबरात चौथीत जाईल. मधूनच आलेल्या, घरी जर्मन न बोलणाऱ्या मुलांना सरासरीत सवलत असते. आमची पहिलीपासून इथेच, म्हणून तिला नव्हती. तुम्ही पहिल्याच पालकसभेत त्याबद्दल विचारा, आपणहून कुणी सांगेलच असं नाही. गाडी उन्हाळ्यात बघितली तरी चालेल. तोवर बस आहे, आणि आमच्या घरापासून स्टेशनपर्यंत मी सोडेन.