वाचकांचे प्रश्न : मतदाराच्या मोबाईलवर आलेला प्रचार

निवडणुकांचा हंगाम आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. पूर्वी भोंग्यांचा त्रास आणि भिंतींवर चिकटवलेली पत्रके यांविषयी तक्रारी येत. आता बहुतेक पत्रे मोबाईलवर येणाऱ्या संदेशांविषयी असतात. त्यांतील पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत.

माझ्या मोबाईलवर एका उमेदवाराचा संदेश आला. त्यात माझे पूर्ण नाव, यादी भाग क्रमांक, अनुक्रमांक, मतदान केंद्राचा पत्ता आणि खाली उमेदवाराचे छायाचित्र होते. मी माझा क्रमांक कोणत्याही पक्षाला दिलेला नाही. तो मतदार यादीतून दिला गेला का?
— एक निवृत्त शिक्षिका, कऱ्हाड

प्रसिद्ध होणाऱ्या मतदार यादीत मतदाराचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, घर क्रमांक, वय, लिंग आणि ओळखपत्राचा क्रमांक असतो. मोबाईल क्रमांक नसतो. नावनोंदणीच्या सहा क्रमांकाच्या अर्जात मोबाईलसाठी रकाना आहे हे खरे, परंतु तो क्रमांक यादीत छापला जात नाही. याचा अर्थ असा की, तुमच्याविषयीची दोन वेगवेगळ्या ठिकाणची माहिती कोणीतरी एकमेकींना जोडली आहे. यादी पक्षांना आणि उमेदवारांना रीतसर मिळते. क्रमांक मात्र पतसंस्थेची वही, गृहनिर्माण संस्थेचा व्हॉट्सॲप गट, मंडळाची वर्गणीची पावती, हळदीकुंकवाच्या कार्यक्रमातली वाण देतानाची नोंद अशा ठिकाणांहून गोळा होतो. काही वर्षांपूर्वी एका मोफत नेत्रतपासणी शिबिरात मी रांगेत उभा होतो. टेबलावरच्या नोंदवहीत नाव, वय, चष्म्याचा नंबर आणि मोबाईल हे रकाने होते, आणि त्यापुढे, हाताने आखलेला, ‘यादी भाग’ असा आणखी एक रकाना होता. डोळे तपासण्यासाठी यादी भाग कशाला लागतो, हे रांगेतल्या कोणीही विचारले नाही. मीही विचारले नाही, याची रुखरुख अजून आहे.

सरकारकडे असलेल्या क्रमांकांचा प्रश्न याहून गंभीर आहे. लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता १६ मार्च २०२४ रोजी लागू झाल्यानंतरही ‘विकसित भारत’ या शीर्षकाचे, पंतप्रधानांच्या पत्रासह पाठवलेले संदेश लोकांच्या व्हॉट्सॲपवर येत राहिले. तक्रारी आल्यावर निवडणूक आयोगाने २१ मार्च रोजी इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाला ते तातडीने थांबवण्यास सांगितले. संदेश आचारसंहितेपूर्वीच पाठवले होते आणि नेटवर्कमुळे काही उशिरा पोहोचले, असा खुलासा मंत्रालयाने केला. खुलासा मान्य केला तरी, योजनांसाठी किंवा सरकारी सेवांसाठी दिलेला क्रमांक कोणत्या कामासाठी वापरला जाईल, हा नागरिकाचा प्रश्न उरतोच, आणि तो सत्तेवर कोणताही पक्ष असला तरी विचारला गेला पाहिजे.

तुमच्या संदेशातील छायाचित्राविषयी स्वतंत्रपणे सांगायला हवे. आदर्श आचारसंहितेनुसार पक्षांनी मतदारांना द्यायच्या चिठ्ठ्या साध्या पांढऱ्या कागदाच्या असाव्यात आणि त्यांवर चिन्ह, उमेदवाराचे नाव किंवा पक्षाचे नाव नसावे. हा नियम कागद डोळ्यांसमोर ठेवून केलेला आहे. मोबाईलवरची चिठ्ठी मात्र उमेदवाराच्या हसऱ्या छायाचित्रासह येते आणि केंद्राचा पत्ता हवा म्हणून मतदार ती मतदानाच्या दिवसापर्यंत जपून ठेवतो. माझ्या मते हा नियमाच्या हेतूचा भंग आहे.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. परंतु संमतीविषयीच्या मुख्य तरतुदी लागू होण्यासाठी त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत ठेवली आहे. तोवर तुम्ही करावे ते एवढेच, की पाठवणाऱ्याला ‘माझा क्रमांक कोठून मिळाला, आणि तो काढून टाकावा’ असे लेखी उत्तर द्यावे व ते जपून ठेवावे.

मी नगरपरिषदेची पुढची निवडणूक अपक्ष लढवण्याच्या विचारात आहे. एका ठेकेदाराने प्रभागातील सर्व मोबाईल क्रमांक आणि एकगठ्ठा संदेश पाठवण्याची सोय देऊ केली आहे. माझ्याकडे पैसे मोजकेच आहेत. हा खर्च करावा का?
— एक तरुण वाचक, बार्शी

करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते केवळ नीतीच्या कारणाने नाही. विकत घेतलेल्या यादीतील माणूस तुम्हाला ओळखत नाही. अनोळखी क्रमांकावरून आलेला संदेश तो उघडतोच असे नाही, आणि अनेकांनी तक्रार केली तर तुमचा क्रमांक ऐन प्रचारात बंद पडू शकतो. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी कशी चालते ते पाहा. एका यादीत २५६ जण घेता येतात आणि संदेश त्यांपैकी फक्त त्यांनाच पोहोचतो, ज्यांनी तुमचा क्रमांक स्वतःच्या मोबाईलमध्ये जतन केला आहे. म्हणूनच जुने कार्यकर्ते घरी गेल्यावर पत्रक देण्याआधी ‘माझा नंबर सेव्ह करून घ्या’ म्हणतात. ती विनंती मान्य होणे हीच संमती आहे. दार ठोठावून, पाणी किती दिवसांनी येते, गटार कोठे तुंबते हे ऐकून घेऊन मिळवलेले दोनशे क्रमांक तुम्हाला ठेकेदाराच्या हजारो क्रमांकांपेक्षा अधिक उपयोगी पडतील, कारण त्यातला माणूस तुम्हाला उलट उत्तर देईल. प्रचारात उत्तर येणे फार मोलाचे असते.

कोणालाही न विचारता गटात ओढू नका. आपल्याला गटात कोण घेऊ शकेल हे ठरवण्याची सोय व्हॉट्सॲपने २०१९ पासून दिली आहे आणि पुष्कळ लोक ती वापरतात. पुढे पाठवण्यावरही मर्यादा आहेत. अनेक हातांतून गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. ही मर्यादा एप्रिल २०२० मध्ये आली, आणि त्यामुळे ‘सर्वांना फॉरवर्ड करा’ या जुन्या पद्धतीचा जोर बराच ओसरला. आठवड्यातून एक संदेश, त्याखाली तुमचे नाव, आणि प्रभागातील एका ठरावीक प्रश्नाविषयी चार ओळी एवढे पुरे. रोज सकाळी सुप्रभात पाठवणाऱ्या उमेदवाराचा क्रमांक लोक मूक करून ठेवतात.

हिशेबाकडे दुर्लक्ष करू नका. लोकसभा आणि विधानसभेसाठी भारत निवडणूक आयोगाने ऑक्टोबर २०१३ मध्येच स्पष्ट केले, की इंटरनेट कंपन्यांना दिलेले पैसे, मजकूर तयार करण्याचा खर्च आणि समाजमाध्यमे सांभाळणाऱ्यांचे पगार हे सारे निवडणूक खर्चात धरले जाईल. महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाखांची मर्यादा आहे आणि निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यावा लागतो. तुमची निवडणूक मात्र राज्य निवडणूक आयोगाच्या अखत्यारीत येते; तिची खर्चमर्यादा आणि जाहिरातींचे नियम वेगळे असतात, म्हणून अर्ज भरण्यापूर्वी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडून त्यांची प्रत घ्या. एखादा हितचिंतक ‘मी माझ्या पैशाने संदेश पाठवतो’ म्हणाला, तर त्याला लेखी परवानगीशिवाय तसे करू देऊ नका. उमेदवाराच्या संमतीवाचून त्याच्या प्रचारावर खर्च करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ खाली गुन्हा आहे.

जाहीर प्रचार संपल्यानंतरही रात्रभर संदेश येत होते. हे चालते का?
— एक वाचक, नाशिक

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२६ नुसार मतदान संपण्याच्या वेळेपूर्वीचे ४८ तास शांततेचे असतात. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत मतदान २० नोव्हेंबरला सायंकाळी ६ वाजता संपायचे होते, म्हणून प्रचार १८ नोव्हेंबरला सायंकाळी ६ वाजता थांबला. या काळात राजकीय स्वरूपाचे एकगठ्ठा एसएमएस पाठवण्यास आयोगाची मनाई असते. घरोघरी जाऊन भेटण्यास मनाई नाही. शेजाऱ्याने शेजाऱ्याला पाठवलेला खासगी निरोप आणि एका यंत्रणेने हजारोंना पाठवलेला संदेश यांत सीमारेषा आखणे अवघड आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु खाली पाठवणाऱ्याचे नाव नसलेला, शब्दशः सारखा संदेश गल्लीतल्या दहा जणांना एकाच मिनिटाला आला असेल, तर तो कोणत्या बाजूचा आहे हे सांगण्यासाठी वकील लागत नाही.

एका मोठ्या नेत्याच्या आवाजातला फोन आला. आवाज हुबेहूब होता, पण बोलणे त्यांच्या भूमिकेच्या अगदी उलट. खरे काय ते कसे ओळखावे?
— एक वाचक, ठाणे

२००४ च्या लोकसभा निवडणुकीत तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा ध्वनिमुद्रित आवाज देशभर फोनवरून ऐकवला गेला, तेव्हा लोकांना अप्रूप वाटले होते. तो आवाज त्यांचाच होता. आज केवळ कानावर विसंबून ते सांगता येत नाही, म्हणून आवाजाची पारख करत बसू नका. पक्षाच्या अधिकृत खात्यावर किंवा वृत्तपत्रात तेच विधान सापडते का ते पाहा. कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेल्या प्रचारसाहित्यावर तसा ठळक उल्लेख असावा, असे आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये पक्षांना कळवले आहे, आणि बनावट ध्वनिफीत किंवा चित्रफीत लक्षात आणून दिल्यावर पक्षांनी ती तीन तासांत हटवावी, असे मे २०२४ पासून बजावले आहे.

फोन ठेवल्यावर क्रमांक, तारीख, वेळ आणि आठवतील तेवढी वाक्ये लगेच कागदावर उतरवा. संदेश असेल तर तो पुसण्याआधी पडद्याचे छायाचित्र घ्या. सभेत नेता खोटे बोलला तर शंभर साक्षीदार असतात आणि दुसऱ्या दिवशी विरोधक उत्तर देतो. फोनवर बोललेल्या खोट्याचे साक्षीदार केवळ तुम्ही असता. लोकसभा किंवा विधानसभेच्या वेळी १९५० या क्रमांकावर, किंवा जेथे छायाचित्र वा चित्रफीत जोडता येते तेथे सी-व्हिजिल ॲपवर तक्रार करता येते. ॲपवरील तक्रारीवर १०० मिनिटांत कार्यवाही व्हावी, अशी त्याची रचना आहे.

आमच्या बचत गटातल्या बायकांना ‘या क्रमांकावर मिस्ड कॉल द्या, निवडणुकीनंतरच्या योजनेत नाव नोंदले जाईल’ असा संदेश आला आहे. सगळ्यांनी कॉल दिला. काही नुकसान होईल का?
— एक वाचक, जालना

मिस्ड कॉलला पैसे पडत नाहीत, परंतु त्याने तुमचा क्रमांक चालू आहे आणि तुम्हाला योजनेची गरज आहे, या दोन्ही गोष्टी समोरच्याला कळतात. तुमचे नाव कोणत्याही सरकारी यादीत जात नाही. भारत निवडणूक आयोगाने २ मे २०२४ रोजी सर्व पक्षांना पत्र लिहून, निवडणुकीनंतर लाभ देण्याच्या नावाखाली मतदारांची अशी वैयक्तिक नोंदणी ताबडतोब थांबवण्यास सांगितले होते. मिस्ड कॉल मागवणाऱ्या जाहिरातींचा त्या पत्रात स्पष्ट उल्लेख होता, आणि असा व्यवहार लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १२३(१) मधील लाचेच्या व्याख्येत बसू शकतो, असेही त्यात म्हटले होते. लाभ देणाऱ्या पक्षाला मत देण्याचे कोणतेही बंधन तुमच्यावर आलेले नाही, हे गटाच्या पुढच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा. त्याच क्रमांकावरून पुन्हा फोन येऊन आधार क्रमांक, बँक खाते किंवा ओटीपी मागितला, तर काहीही सांगू नका आणि फोन ठेवून द्या. पैसे गेलेच, तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर त्याच क्षणी कळवा.