‘हरित’ हा शब्द करारात उतरवताना

प्रश्न : आमच्या पुण्यातील सहकारी गृहनिर्माण संस्थेची इमारत पुनर्विकासाला जात आहे. निवडलेल्या विकसकाने सर्वसाधारण सभेतील सादरीकरणात हरित इमारतीचे मानांकन, गच्चीवर सौरऊर्जा आणि सांडपाण्याचा पुनर्वापर यांची आश्वासने दिली होती. विकसन करारनाम्याच्या मसुद्यात मात्र ‘विकसक शक्य तेथे पर्यावरणपूरक साहित्य व तंत्रज्ञान वापरील’ एवढे एकच वाक्य आहे. ते पुरेसे आहे का? – संस्थेचे सचिव, पुणे

उत्तर : नाही, आणि या मसुद्यावर आपण सही करू नये. ‘शक्य तेथे’ या दोन शब्दांमुळे काय शक्य आहे हे ठरवण्याचा अधिकार विकसकाकडे जातो आणि संस्थेच्या हाती मागण्यासारखे काहीच राहत नाही.

मानांकनाविषयी प्रथम सांगतो, कारण बहुतेक संस्था येथेच फसतात. इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलसारख्या संस्था आराखड्याच्या टप्प्यावर पूर्व-प्रमाणपत्र देतात आणि इमारत उभी राहिल्यानंतर अंतिम प्रमाणपत्र देतात. जाहिरातीत मिरवले जाते ते पुष्कळदा पहिले असते. म्हणून करारात मानांकन देणाऱ्या संस्थेचे नाव, श्रेणी आणि ‘अंतिम प्रमाणपत्र’ हे शब्द स्पष्ट लिहावेत, तसेच भोगवटा प्रमाणपत्रानंतर किती महिन्यांत ते संस्थेच्या हाती येईल याची मुदतही घालावी. राज्याच्या 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत, जी पुण्याला लागू आहे आणि बृहन्मुंबईला नाही, मानांकनाच्या श्रेणीप्रमाणे 3, 5 किंवा 7 टक्के प्रोत्साहनपर चटई क्षेत्र मिळते. आपल्या विकसकाने ते मागितले आहे का, हे विचारावे. मानांकनाच्या बळावर त्याला वाढीव बांधकाम मिळणार असेल, तर ते मानांकन मिळवून देण्याची बांधिलकी करारात मागताना संस्थेला संकोच वाटण्याचे कारण नाही.

तरीही केवळ मानांकनावर विसंबू नये. मानांकन गुणांच्या बेरजेवर मिळते आणि एका सदरातील उणीव दुसऱ्या सदरातील गुणांनी भरून निघू शकते. आपल्या सभासदांना वर्षानुवर्षे भिडणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत : टँकरचे बिल, सामाईक विजेचे बिल आणि उन्हाळ्यात तापणाऱ्या भिंती. त्यासाठी स्वतंत्र कलमे हवीत.

सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पाचे उदाहरण घ्या. तो बसवला गेला एवढ्याने काम होत नाही. हा प्रकल्प जिवाणूंवर चालतो आणि इमारतीत पुरेशी वस्ती होईपर्यंत त्याला पुरेसे सांडपाणीच मिळत नाही, त्यामुळे ताब्याच्या दिवशी घेतलेली चाचणी फारशी उपयोगाची नसते. निदान 60 टक्के सदनिका वापरात आल्यानंतर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून पाण्याची तपासणी होईल, शौचालयांच्या टाक्यांना आणि बागेला रोज किती लिटर प्रक्रिया केलेले पाणी मिळेल आणि पहिली 2 वर्षे प्रकल्प चालवण्याचा खर्च कोण करील, हे तिन्ही मुद्दे लिहून घ्यावेत. ही टक्केवारी आणि ही वर्षे मी सुचवीत आहे. संस्थेच्या सल्लागार अभियंत्याशी बोलून ती ठरवावी.

सौरऊर्जेबाबत किलोवॉटमधील क्षमता, संस्थेच्या नावाने नेट मीटर (वीजजाळ्यातून घेतलेली आणि त्याला दिलेली वीज मोजणारे मीटर) आणि, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, गच्चीचा हक्क नोंदवावा. गच्चीचा भाग एखाद्या सदनिकेला जोडून विकला गेला किंवा पुढे चढवलेल्या मजल्याची सावली पॅनेलवर पडली, तर करारातील किलोवॉट कागदावरच राहतात. उष्णतेबाबत ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या 2018 च्या इको निवास संहितेचा, म्हणजे निवासी इमारतींसाठीच्या ऊर्जाबचतीच्या निकषांचा, आधार घेता येईल. भिंती व खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेची मर्यादा तिने, थंड हवामानाचा प्रदेश वगळता, प्रति चौरस मीटर 15 वॉट ठेवली आहे. वास्तुविशारदाने केलेले हे गणित परिशिष्ट म्हणून जोडावे. काचेचा किंवा विटेचा प्रकार ‘किंवा समतुल्य’ असे म्हणून बदलण्याची मुभा मसुद्यात असतेच; ती बदलानंतरही हा आकडा पाळला जाईल या अटीवरच द्यावी.

आता भंगाविषयी. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 74 नुसार करारात लिहिलेली नुकसानभरपाई ही कमाल मर्यादा ठरते आणि त्या मर्यादेत न्यायालय वाजवी रक्कम देते. त्यामुळे एखादा मोठा गोल आकडा लिहिण्यापेक्षा भरपाईचे सूत्र लिहिणे अधिक टिकाऊ असते, उदाहरणार्थ तुटीच्या पाण्याइतक्या टँकरचा प्रत्यक्ष खर्च, किंवा कमी निर्माण झालेल्या युनिटांची वीज-आकारणीच्या दराने किंमत. तरीही खटला लढवून भरपाई मिळवणे हा लांबचा रस्ता आहे. विकसकाच्या बँक हमीचा ठरावीक हिस्सा अंतिम प्रमाणपत्र आणि सांडपाण्याची चाचणी पूर्ण होईपर्यंत मोकळा करू नये, असे कलम मला या साऱ्यांत सर्वांत मोलाचे वाटते. रेरा म्हणजे स्थावर संपदा कायद्याच्या कलम 14 मधील 5 वर्षांची दोषदुरुस्तीची जबाबदारी नव्या खरेदीदारांना जितक्या सहज मिळते तितकी जुन्या सभासदांना मिळेलच असे गृहीत धरू नये. ती शब्दशः विकसन करारनाम्यात उतरवावी.

प्रश्न : चाकणजवळ माझे गोदाम आहे आणि ते दोन कंपन्यांना भाड्याने दिले आहे. विस्तारासाठीच्या कर्जाच्या मसुद्यात बँकेने विजेचा वापर दरवर्षी कमी केल्यास व्याजात 0.10 टक्के सवलत आणि न केल्यास तेवढीच वाढ असे कलम घातले आहे. ते स्वीकारावे का? – एक उद्योजक, पुणे जिल्हा

उत्तर : प्रथम हिशेब मांडावा. 10 कोटी रुपयांच्या कर्जावर 0.10 टक्के म्हणजे वर्षाला 1 लाख रुपये होतात आणि आकड्यांची पडताळणी करणाऱ्या त्रयस्थ संस्थेचे शुल्क आपणच भरणार असाल, तर सवलतीचा मोठा भाग त्यातच जाऊ शकतो. अशा शाश्वतता-संलग्न कर्जांची जी तत्त्वे 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्जबाजारातील संघटनांनी प्रसिद्ध केली, त्यांत अर्थपूर्ण निर्देशक आणि बाह्य पडताळणी यांवर भर आहे. तेव्हा पडताळणी टाळता येणार नाही, तिचा खर्च कोणी करायचा यावर मात्र बोलणी करता येतात.

खरी अडचण वेगळी आहे. वीज आपले भाडेकरू वापरतात आणि व्याज आपण भरता. एखाद्या भाडेकरूने शीतगृह सुरू केले किंवा दुसरी पाळी चालू केली, तर आपला काहीही दोष नसताना आपला व्याजदर वाढेल. म्हणून एकूण युनिटांऐवजी प्रति चौरस फूट वापर, तोही वापराच्या तासांनुसार समायोजित करून, निर्देशक म्हणून घ्यावा, किंवा दिवे, पंप आणि सामाईक भाग यांपुरतेच लक्ष्य मान्य करावे. पायाभूत वर्षही जपून निवडावे; गोदाम अर्धे रिकामे असलेले वर्ष धरले, तर पुढचे प्रत्येक वर्ष अपयशाचे ठरेल. लक्ष्य चुकल्यास केवळ व्याजदर बदलेल, तो कर्जाचा कसूर मानला जाणार नाही, हे वाक्य मसुद्यात असलेच पाहिजे.

त्याचबरोबर भाडेकरार उघडावेत. दरमहा वीजवापराची माहिती देणे, स्वतंत्र मीटर बसवू देणे आणि छतावरील सौरपॅनेलच्या देखभालीसाठी प्रवेश देणे ही कलमे त्यांत नसतील, तर बँकेला द्यायचे आकडे आपल्याकडे येणारच नाहीत. भाडेकरू मोठ्या सूचीबद्ध कंपन्या असतील तर बोलणी सोपी होतील, कारण बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 सूचीबद्ध कंपन्यांना 2022-23 पासून सेबीच्या नियमानुसार व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवाल द्यावा लागतो आणि त्यांना स्वतःच्या ऊर्जावापराचे आकडे हवेच असतात. भाडेकरारांची मुदत कर्जाच्या मुदतीआधी संपत असेल, तर नव्या भाडेकरूसाठी लक्ष्य पुन्हा ठरवण्याची तरतूद कर्जकरारात करून घ्यावी.

प्रश्न : नव्या प्रकल्पात सदनिका घेत आहे. माहितीपत्रकात सौरऊर्जा व पर्जन्यजलसंचय आहे, छापील विक्री करारात नाही. – एक वाचक, नाशिक

उत्तर : माहितीपत्रक आणि जाहिरातीची प्रत तारखेसह जपून ठेवावी. रेरा कायद्याच्या कलम 12 नुसार चुकीच्या जाहिरातीवर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाला नुकसानभरपाई मिळू शकते, आणि प्रकल्पातून बाहेर पडायचे असेल तर व्याजासह रक्कमही परत मागता येते. मात्र वेळ अजून आपल्या हाती आहे. विक्री करार करून त्याची नोंदणी केल्याशिवाय विकसकाला किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. तेव्हा हा टप्पा ओलांडण्यापूर्वी दोन्ही सुविधा, त्यांची क्षमता आणि पूर्ततेची तारीख करारातील सुविधांच्या परिशिष्टात लिहून देण्याची मागणी विकसकाकडे लेखी करावी.